हे पातं कुठलं?

(पडद्यावर: काळ्या कापडावर म्यानाबाहेर काढून ठेवलेलं एक पातं. कॅमेरा टोकाकडून मुठीकडे सरकतो.)

धारेपासून जपून या पात्यावर बोट फिरवलं, की डोळ्यांना न दिसलेली एक गोष्ट हाताला कळते. ही बाजू फुगीर आहे. आता पालथं करा. ही बाजू किंचित खोलगट.

लोहाराचा हात चुकलेला नाही. हे मुद्दाम केलंय, आणि या पात्याचं गाव शोधायची पहिली खूण हीच आहे.

(पडद्यावर: बोर्निओचा नकाशा. किनाऱ्यावरून नद्यांच्या वाटेने आत.)

बोर्निओ बेट. आज त्याचे वाटेकरी तीन देश आहेत: इंडोनेशिया, मलेशिया आणि ब्रुनेई. आतल्या जंगलात, नद्यांच्या काठाने राहणाऱ्या कितीतरी जमातींना बाहेरच्यांनी एकच नाव दिलं, दायाक. पण इबान वेगळे, कायान वेगळे, केन्याह आणि न्गाजू वेगळे. म्हणून नुसतं ‘दायाक तलवार’ म्हणून भागत नाही. या पात्याचं सगळ्यांत प्रसिद्ध नाव मंडाऊ. कायान लोक त्याला मालात म्हणतात, इबान म्हणतात परांग इलांग.

एक बाजू फुगीर, दुसरी खोलगट, अशा पात्याचा तिरका घाव लाकडात खोल उतरतो. नवख्याने भलत्या कोनात घातला, तर मात्र पातं सटकतं. डावखुऱ्या माणसासाठी लोहार बाजू उलट करून घडवायचा. म्हणजे पातं हातात घेतल्यावर ते डावखुऱ्याचं होतं की उजव्याचं, एवढं तरी मालकाबद्दल नक्की सांगता येतं. मालकाचं नाव हरवलं, तरी हात कळतो!

(पडद्यावर: मूठ, अगदी जवळून.)

मूठ सांबराच्या शिंगाची. होय, आपल्या सह्याद्रीत आहे तेच सांबर, तीच प्रजाती. शिंगावर एकमेकांत गुंतलेल्या, हुकासारख्या वळणांची नक्षी आहे, आणि नीट पाहिलं तर तिच्यात डोळा दिसतो, उघडा जबडा दिसतो. हा आसो. निम्मा कुत्रा, निम्मा नाग. ही नक्षी कायान आणि केन्याह लोकांची, म्हणजे बेटाच्या मध्यभागाकडची.

मग लागला का ठाव? थांबा.

मूठ पात्यावर राळेने बसवलेली असते. ती निघते, बदलता येते. शिवाय चांगलं पातं नदीनदीने विकलं जायचं. कायानांची घडण इबानांनी उचलली, आणि मिरवलीही. त्यामुळे पातं एका खोऱ्यातलं, मूठ दुसऱ्या, म्यान तिसऱ्या, असं सर्रास आढळतं. ‘हे कुठलं’ या प्रश्नाला तीन उत्तरं असू शकतात, आणि तिन्ही खरी.

कुठलं नाही, हे सांगणं त्या मानाने सोपं. पातं चांगलंच वाकडं असेल आणि मुठीपाशी धारेच्या बाजूला काट्यासारखं टोक पुढे आलेलं असेल, तर तो इबानांचा न्याबुर. मुठीला मागे दोन फाटे असतील, तर उत्तरेकडच्या मुरुत लोकांचा पाकायुन. आणि दोन्ही बाजू सपाट, पत्रा पातळ, झालर मात्र भरपूर, तर ते पर्यटकाच्या भिंतीसाठी केलेलं समजावं.

(पडद्यावर: पात्याच्या पाठीजवळ पितळेचे बारीक ठिपके.)

हे पितळी ठिपके दाखवून विकणारा आवाज खाली आणतो आणि सांगतो, जितके ठिपके तितकी मुंडकी. ऐकायला थरारक आहे. पण ठिपक्यांची रांग पाहा: सारखं अंतर, नक्षीच्या मापात. हे लोहाराचं कसब आहे, हिशेबाची वही नव्हे.

मुंडकी कापली जात, हे खोटं नाही. ते कामही याच पात्याने व्हायचं. 1894 साली मध्य बोर्निओत तुम्बांग आनोई इथे जमातींची मोठी सभा भरली आणि ही प्रथा थांबवायचं ठरलं. पातं मात्र थांबलं नाही. डोंगरउतारावरची झाडी तोडून भातशेती करायची, वेत कापायचा, वाट काढायची, नाचात मिरवायचं, हे चालूच राहिलं. आजचे लोहार ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांपासूनही पाती घडवतात.

(पडद्यावर: म्यान उलटं होतं. मागच्या बाजूला सालीचा छोटा कप्पा.)

आणि आता म्यानाची मागची बाजू, जी काचेच्या कपाटात सहसा दिसत नाही. लाकडाच्या दोन फळ्या वेताने बांधल्यात, आणि त्यांना हा सालीचा कप्पा. त्यात एक छोटी सुरी. पातं बोटाएवढं, मूठ हातभर. ती लांब मूठ कोपराखाली दाबून धरायची आणि वेत सोलायचा, तासायचा, मुठींवर नक्षी कोरायची.

(पडद्यावर: दोन हात, लांब मुठीची सुरी, वेताची उलगडत जाणारी साल. आवाज फक्त सोलण्याचा.)