इतर अधिकारातली बाई

बायांनो, आणि मागे दाराशी उभे असलेल्या भावांनो, पुढे येऊन बसा. हा कागद सगळ्यांना दिसला पाहिजे.

हा सातबारा. अडीच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. नवरा जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून पेरणीला बैलजोडी ठरवण्यापासून व्यापाऱ्याच्या काट्यावर उभं राहून कापूस मोजून घेण्यापर्यंत सगळं ही बाई करते. थोरलीचं लग्न तिनंच उरकलं. गावात भावकीचं भांडण पेटलं की निवाड्यालाही तिलाच बोलावतात. आता तिचं नाव शोधा. मालकाच्या रकान्यात मुलाचं नाव आहे, त्याच्यापुढे लिहिलंय, 'अ.पा.क. आई'. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या मुलाची राखणदार. मुलगा अठराचा झाला की हे शब्द कमी होणार. तिचं स्वतःचं नाव कुठे आहे? बाजूला, 'इतर अधिकार' या रकान्यात. विहिरीचा हिस्सा आणि सोसायटीचा बोजा लिहितात ना, तिथे.

मी तिला म्हटलं, अगं, 1956च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला मुलाइतकाच हिस्सा आहे. ती कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हंजे मी त्याची राखणदार न्हाई, वाटेकरी हाये?"

तिच्याच पिशवीत रेशनकार्ड होतं. त्यावर पहिलं नाव तिचं, कुटुंबप्रमुख म्हणून. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात स्पष्टच आहे, घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात थोरली बाई ही रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख. गहू-तांदूळ आणायला ती प्रमुख, आणि स्वतः कसते त्या जमिनीला नुसती पालनकर्ता. मला हे दोन कागद शेजारीशेजारी ठेवून फार राग आला, अजून येतो.

जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असायचं. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीच्यांचा, विशेषतः बहिणींचा हक्क त्या तीन अक्षरांमागे दडून जायचा.

हे बदलता येतं, आणि आपल्याच महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी ते करून दाखवलंय. नोव्हेंबर 1986मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: घरच्या लक्ष्मीचं देणं फेडा, जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर जणांनी असं केलं, ते लक्ष्मीमुक्त गाव. कोर्ट नाही, मोर्चा नाही. नवरे स्वतः तलाठ्याकडे गेले. चांदवडहूनच बायांनी ग्रामपंचायती लढवायची जिद्द घेतली होती. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा इथं 1989मध्ये सगळ्या बायांची पंचायत निवडून आली. राज्यघटनेतलं एकतृतीयांश आरक्षण त्यानंतर आलं, आणि महाराष्ट्रातलं निम्मं तर 2011मध्ये.

आज निम्म्या खुर्च्या बायांच्या आहेत. तरी काही गावांत सही सरपंचबाईंची आणि कारभार 'सरपंचपतीं'चा चालतो. मला वाटतं, याचं मूळही सातबाऱ्यात आहे. जिच्या नावावर गुंठाभर रान नाही, तिला घरातून 'तू गप बस' म्हणणं सोपं जातं. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, सगळं खातेदाराच्या नावानं येतं. खातेदार बाईला बँकेचा साहेबसुद्धा खुर्ची देतो. हे मी पाहिलंय.

त्या बाईनं वारसनोंद दुरुस्त व्हावी म्हणून अर्ज केला. सहा हेलपाटे झाले. दर वेळी एका दिवसाची मजुरी बुडाली आणि एसटीचे पैसे गेले. अखेर फेरफार मंजूर झाला. नवा उतारा हातात आल्यावर तिनं आधी नाव वाचलं नाही, वाचता येत नाही तिला. मुलाला म्हणाली, "कुठंय ते बोट ठेवून दाव." त्यानं दाखवलं. मालकाच्या रकान्यात, त्याच्या वर.

आता चहा घ्या. ज्यांनी उतारे आणलेत त्यांनी घरी जाऊ नका, इथंच थांबा. आपण एकेक उलगडून वाचू.