निळा लावला आणि हिरवा झाला

नमस्कार. आज एकाच रंगाबद्दल बोलायचंय, निळ्या, तोही पेरोव्हस्काइट एलईडीतल्या, म्हणजे पेरोव्हस्काइट नावाच्या क्रिस्टलच्या पातळ फिल्ममधून उजेड देणाऱ्या दिव्यांतल्या. आणि सुरुवात आमच्याच एका फसलेल्या डिव्हाइसपासून करतो. ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे हवाबंद पेटीत, नखाहून लहान पिक्सेल, ३ व्होल्ट दिले, छान निळा लागला, स्पेक्ट्रोमीटरवर ४७० नॅनोमीटर तरंगलांबीला एकच टोकदार पीक, म्हणजे शिखर, सगळे खूश. मग ५ व्होल्टला गेलो तर त्या पीकच्या उजव्या अंगाला ५०० च्या पुढे एक शोल्डर, म्हणजे छोटा उंचवटा, उगवायला लागला, आणि दोनेक मिनिटांत तोच मोठा होऊन बसला. डोळ्यांनाही सरळ दिसत होतं, निळं, मग आकाशी, मग हिरवट. डिव्हाइस जळलं वगैरे नव्हतं हां, व्यवस्थित चालू होतं, फक्त निळं राहिलं नव्हतं.

का झालं असं? पेरोव्हस्काइटमध्ये रंग ठरतो मुख्यतः हॅलाइडवर, म्हणजे त्यातल्या क्लोराइड, ब्रोमाइड किंवा आयोडाइड आयनांवर. सीझियम लेड ब्रोमाइड हिरवा देतं, ५२० च्या आसपास, आणि ब्रोमाइडच्या जागी सगळं क्लोराइड घातलं की थेट जांभळा, साधारण ४१०. आपल्याला हवाय मधला, नव्या डिस्प्लेंच्या रेक २०२० स्टँडर्डमध्ये निळा ४६७ ला धरलाय, मग काय, दोन्ही मिसळा की झालं. पण हे मिश्रण जागेवर बसत नाही. २०१५ मध्ये संशोधक होक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडाइड-ब्रोमाइडच्या फिल्ममध्ये दाखवलं होतं की नुसता प्रकाश पडला तरी दोन हॅलाइड वेगवेगळे गोळा होतात आणि अंधारात ठेवलं की परत मिसळतात. निळ्या एलईडीत तोच खेळ करंट आणि व्होल्टेजमुळे होतो.

ते आकडे सरकवायचं कोडं आठवतं का, १६ घरं आणि १५ चकत्या? एकच घर रिकामं असतं, पण त्या एका घराच्या जोरावर सगळ्या चकत्या कुठून कुठे नेता येतात, आणि ते भरलं तर एकही हलत नाही. क्रिस्टलमध्ये हॅलाइडची रिकामी जागा, म्हणजे व्हेकन्सी, हेच काम करते. आयन तिच्यातून उड्या मारत जातात, कुठेतरी ब्रोमाइड जास्त असलेली बेटं तयार होतात, तिथला बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, कमी, आणि पाणी जसं उताराकडे जातं तसे इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉन नसल्याने उरलेले धन प्रभार, तिथेच जाऊन पडतात. त्यामुळे बेटं थोडीशीच असली तरी उजेड बराचसा त्यांचाच, म्हणजे हिरवट, दिसतो.

आता खरी गंमत. क्लोराइडची हीच व्हेकन्सी बँडगॅपमध्ये खोल ट्रॅप, म्हणजे सापळा, तयार करते, तिथे इलेक्ट्रॉन आणि होल उजेड न देता मरतात. म्हणजे रंग टिकत नाही आणि एफिशियन्सी मिळत नाही, या दोन तक्रारींचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. २०१४ मध्ये केंब्रिजच्या ग्रुपने रूम टेंपरेचरला चालणारे पेरोव्हस्काइट एलईडी दाखवले तेव्हा हिरव्याची एफिशियन्सी ०.१ टक्का होती, २०१८ पर्यंत हिरवा आणि निअर इन्फ्रारेड २० टक्क्यांच्या पुढे गेले, निळा मात्र मागे रेंगाळला, तो उगाच नाही.

त्यात क्लोराइडचे क्षार डीएमएसओ या द्रावकात नीट विरघळतच नाहीत, त्यामुळे पाहिजे तेवढं क्लोराइड सोल्यूशनमध्ये घालतानाच नाकी नऊ येतात. मग पोटॅशियम घाला, अमोनियम टोक असलेले रेणू घाला, उघड्या पडलेल्या शिशाला धरून बसणारे फॉस्फीन ऑक्साइड घाला, हे सगळं त्या जागा बुजवायला किंवा हॅलाइडला बांधून ठेवायला. दुसरा रस्ता क्वासी-टूडी फिल्मचा, मोठे ऑरगॅनिक आयन घालून क्रिस्टलचे पातळ थर पाडायचे. त्यात रंग सगळा थरांच्या जाडीवर, आणि जाडी बरीचशी ठरते स्पिन कोटरवर, म्हणजे काच गरगर फिरवून फिल्म पसरवणाऱ्या यंत्रावर, अँटीसॉल्व्हंट, म्हणजे क्रिस्टल पटकन बाहेर पाडणारा द्रव, कधी सोडला त्यावर. दोन सेकंद इकडेतिकडे झाले की तोच फॉर्म्युला वेगळा रंग देतो, हे मी हाताने भोगलंय.

मला स्वतःला तिसरा रस्ता आवडतो, मिसळायचंच नाही. नुसत्या ब्रोमाइडचे साधारण ४ नॅनोमीटरचे क्वांटम डॉट, म्हणजे बारीक कण, केले की क्वांटम कन्फाइनमेंटमुळे, म्हणजे छोट्या जागेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढल्यामुळे, ते आपोआप निळे होतात, वेगळं व्हायला दुसरा हॅलाइडच नाही. पण इतक्या बारीक कणात बहुतेक सगळं पृष्ठभागच असतं, लिगँड, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेले रेणू, लांबलचक घेतले तर करंट जात नाही, सुटले तर डॉट एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पुन्हा हिरवे! सुटका नाही.

डिव्हाइसची बाजू थोडक्यात सांगतो. निळ्याचा व्हॅलेन्स बँड, म्हणजे होल जिथून वाहतात ती ऊर्जेची पातळी, खोल असतो, नेहमीच्या पेडॉट-पीएसएसमधून, म्हणजे होल देणाऱ्या पॉलिमरच्या थरातून, होल आत ढकलणं जड जातं, म्हणून व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि व्होल्टेज वाढलं की आयन आणखी पळतात. त्यामुळे नुसती फिल्म सुधारून भागत नाही, होल देणारा थरही बदलावा लागतो.

शेवटी, पेपर वाचताना मी एफिशियन्सीचा आकडा नंतर बघतो, आधी शोधतो तो वेळेनुसार घेतलेला स्पेक्ट्रम, ठरलेल्या करंटला. तो नसेल तर पान उलटतो, कारण आमच्या त्या डिव्हाइसचा स्पेक्ट्रमही नुसता ३ व्होल्टचा छापला असता तर झकास दिसला असता.