दप्तरखान्याची हवा

(दृश्य : धाब्यावर माती पसरणारे हात)

मृगाच्या आधी धाब्यावर, म्हणजे वाड्याच्या सपाट मातीच्या छतावर, खारी माती पडते. पहिल्या सरींत ती फुगते, बारीक भेगा बुजतात आणि थर घट्ट बसतो. खालच्या खोलीत मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, आहेत. छत गळत असेल तर कागद जपायचे बाकी उपाय फुकट, म्हणून काम वरून सुरू करायचं.

धुळ्यात जुनी कागदपत्रं सांभाळणारं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे, समर्थ वाग्देवता मंदिराचा हस्तलिखितांचा संग्रह आहे. पण खानदेशात कित्येक दप्तरं अजून अशाच वाड्यांत आहेत. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, ऑगस्टमध्ये हवा ओलीचिंब. उन्हाळा कागदाला सावकाश झिजवतो. आर्द्रता मात्र ६५-७० टक्क्यांवर रेंगाळली की बुरशी आलीच म्हणून समजा.

(दृश्य : खिडकीतला कूलर)

हा इथे नको. माणसांना गार वाटतं, पण कूलर खोलीत पाणीच सोडतो. दुपारी आर्द्रता ७०, रात्री कूलर बंद की पुन्हा २०. पोथीच्या लाकडी फळ्या वाकतात त्या या रोजच्या चढउतारानं. फक्त दिवसा चालणारा एसीही निर्धोक नाही. ४० अंशांची, २० टक्के आर्द्रतेची हवा २५ अंशांवर आणली, की पाण्याचा थेंब न घालता आर्द्रता ४५ च्या पुढे जाते.

पावसाळ्यात चूक उलटी होते. हवा खेळावी म्हणून खिडक्या उघडतात. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, २६ च्या किंचित वर. रात्रभर गार झालेली जाड भिंत त्याच्या आसपासच असते. तिला घाम फुटतो. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तरच खिडकी उघडा.

(दृश्य : झाकणातलं मीठ, जवळून)

आर्द्रता मोजणारा मापक खरं बोलतो का, हे मीठ सांगतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर ते ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी. मीठ पूर्ण विरघळलं तर चाचणी फसली. झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत आठ तास बंद. आकडा ७५ यायला हवा. ६९ आला, तर मापकाच्या पाठीवर चिकटपट्टी लावून ‘अधिक ६’ लिहा.

लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून चार बोटं वर. मागे हवा फिरली नाही की बुरशी नेमकी तिथेच धरते. भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा. सिमेंट ओल कोंडतं, मग ती वर चढते आणि पोपडे पडतात. रुमालाचं मांजरपाट खळ धुऊन काढलेलं असावं, कारण खळीला कसर लागते. गाठ सैल ठेवा. डांबरगोळ्यांनी ओल हटत नाही, कितीही टाका.

बुरशी दिसलीच, तर तो रुमाल वेगळा काढा. झटकू नका, उन्हात घालू नका. सावलीत, कोरड्या जागी ठेवून जाणकाराला बोलवा.