रत्नागिरी: मुक्काम न होणारं शहर

[निकालाचा दिवस. शाळेचं आवार, मुलांची गर्दी]

दहावीचा निकाल लागतो आणि कोकण विभाग राज्यात पहिला येतो. २०१२ पासून, म्हणजे रत्नागिरीला वेगळं विभागीय मंडळ मिळालं तेव्हापासून, हे दरवर्षीचं ठरलेलं आहे. २०२५ साली कोकणचा निकाल होता ९८.८२ टक्के. पेढे वाटले जातात, शाळेच्या फळ्यावर नावं झळकतात. पाच-सात वर्षांनी त्यातली बरीचशी नावं शोधायची तर ठाणे, पनवेल, पुणे गाठावं लागतं.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या दीड कोटीहून अधिक वाढली. रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. २०११च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. राज्यात सर्वांत जास्त. भाषणांमध्ये हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. गावात गेलं की त्याचं दुसरं कारण कळतं. कमावते पुरुष मुंबईत आहेत, घरं आणि म्हातारी माणसं बायका सांभाळतात.

[निवळी फाटा, हातखंबा तिठा. वाहनांची रांग]

आता पाहुण्यांकडे वळू. रत्नागिरी हे नाव ठाऊक नाही असा माणूस देशात विरळा, आंब्याच्या पेटीने ते घरोघरी नेलं आहे. तरी मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली गाडी निवळी फाट्यालाच उजवीकडे वळते. गोव्याची गाडी हातखंब्यावरून पालीच्या दिशेने निघून जाते. शहर तिथून बारा-तेरा किलोमीटर आत, समुद्राच्या अंगाला राहतं. जे येतात त्यांचा बेत साधारण एकच असतो. सकाळी पुळ्याचं दर्शन, आरे-वारेच्या घाटीत फोटो, दुपारी शहरात सुरमईचं ताट आणि उन्हं उतरायच्या आत परतीची वाट. मुक्काम होतच नाही. मुक्काम नाही म्हणजे रात्रीचं जेवण नाही, दुसऱ्या दिवशीची रिक्षा नाही, बोट नाही, वाटाड्या नाही. त्या एका न झालेल्या रात्रीत कितीतरी जणांचा रोजगार अडकला आहे.

[थिबा राजवाडा. लाल भिंती, अर्धगोल छताच्या खिडक्या]

हा वाडा बघा. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला कैद केलं. एप्रिल १८८६ मध्ये त्याला राणी सुपायालत आणि लहानग्या मुलींसह रत्नागिरीत आणून ठेवलं. रत्नागिरीच का? इथे रेल्वे नव्हती, सडकेने पोचणं मुश्कील, पावसाळ्यात आगबोटही बंद. राजाचा जगाशी संबंध तोडायचा तर इंग्रजांना याहून सोयीचं ठिकाण सापडलं नाही. १९१०च्या अखेरीस त्याला टेकडीवरचा हा वाडा मिळाला. डिसेंबर १९१६ मध्ये त्याने इथेच डोळे मिटले. मंडाले पुन्हा त्याच्या नजरेला पडलंच नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे, म्हणजे त्याच ब्रह्मदेशाचे, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीपाशी आले होते. एका देशाचा प्रमुख जिथे आवर्जून येतो, त्या जागेवर आपला पर्यटक अर्धा तास घालवतो. त्याला दोष देऊन चालणार नाही. तीस वर्षं परक्या गावात काढलेल्या राजाची, इथेच वाढलेल्या राजकन्यांची गोष्ट कुणी रंगवून सांगितली, तर माणूस दिवसभर हलणार नाही. गोष्ट सांगणारी, चार भाषा बोलणारी पोरं या शहरात शिकतात. त्या कामावर घर चालेल असं त्यांना वाटत नाही, म्हणून ती जातात.

आणि इंग्रजांनी जी गैरसोय हेरली होती, ती अजून पुरती संपलेली नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली, तो मोठाच दिलासा होता. पण मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं आणि एक तप उलटून गेलं तरी पूर्ण झालं नाही. गणपतीला निघालेला चाकरमानी खड्ड्यांतून, वळणरस्त्यांवरून चौदा-पंधरा तास काढून घरी पोचतो. त्याचा गणपती इथे आहे, तो येणारच. पर्यटकाला अशी ओढ नसते. एकदा कंबर मोडली की तो पुढच्या वेळी दुसरीकडे जातो.

[मिरकरवाडा बंदर, पहाट]

इथे या वेळी गावाला कामच नाही असं म्हणून दाखवावं. बर्फाचे चुरे फावड्याने ओढले जातायत, बांगड्याच्या टोपल्या डोक्यावरून उतरतायत, लिलावाचा आवाज चढतोय. बोटींवरचे खलाशी मात्र पाहा. त्यांच्यात नेपाळमधून आलेले खूप आहेत. आंब्याच्या बागांतही तेच. राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळी कुटुंबं मुक्कामाला असतात. म्हणजे बाहेरची माणसं पोट भरायला रत्नागिरीत येतात आणि रत्नागिरीची माणसं पोट भरायला बाहेर जातात. शिकलेल्या मुलाला बोटीवर चढायचं नाही, यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याच्या शिक्षणाला साजेसं, बारा महिने चालणारं काम त्याच्या गावात नाही, खरं दुखणं ते आहे.

बारा महिने हा शब्द इथे फार महत्त्वाचा. हे शहर हंगामावर जगतं. आंबा एप्रिल-मे, पर्यटक मे महिन्यात आणि दिवाळी-नाताळात, जून-जुलैत मासेमारी बंद, पावसात समुद्राच्या जवळ जायची सोय नाही. दोन महिन्यांच्या कमाईवर लॉजवाला कसाबसा तग धरतो, पण पंचविशीतलं जोडपं त्यावर घराचा हप्ता भरू शकत नाही. आंब्याचंही तसंच. कलम इथलं, घाम इथला, पेटी वाशीच्या बाजारात जाते आणि भाव तिथे फुटतो.

[कातळशिल्प. उक्षी]

रोजगाराचा प्रश्न आला की रत्नागिरीत लगेच मोठ्या प्रकल्पाचं नाव निघतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना उभा राहत होता. लोकांनी विरोध केला, काम थांबलं, कारखाना तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला. २०१८ साली तिथे प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसं मेली आणि तो बंद पडला. रत्नागिरीकरांची भीती अनाठायी नव्हती. पुढे जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, मग नाणार आणि बारसूची तेलशुद्धीकरण योजना. दर वेळी गावं दुभंगली, भावाभावांत बोलणं तुटलं.

बारसूचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं माळरान, तर डोळ्यांत तेल घालून जपावा असा आहे. तिथल्या जांभ्या दगडात हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी माणूस आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वाघ कोरून ठेवलेत. उक्षीला हत्ती आहे, कशेळीला त्याहून कितीतरी मोठा हत्ती, पोटात इतर प्राणी घेऊन. ही चित्रं जगापुढे आणली ती रत्नागिरीतल्याच सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सडे तुडवत, गुराख्यांना विचारत. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पाऊस ओसरल्यापासून पुढच्या पावसापर्यंत ती बघता येतात, त्यांना मे महिन्याची गरज नाही. आणि बघायला दोन दिवस लागतात. हरवलेला मुक्काम इथे सापडू शकतो. सड्यापर्यंत धड रस्ता, सावली, स्वच्छतागृह आणि सांगणारा माणूस, एवढं मिळालं तरी खूप होईल.

[भाट्ये पूल, संध्याकाळ]

टाळेबंदीत मुंबई-पुण्याची नोकरी घेऊन कितीतरी मुलं गावी परतली होती. रेंज शोधत गच्चीवर, पडवीत बसून त्यांनी कामं उरकली. काही अजून राहिली आहेत. पावसात वीज गेली की त्यांचा जीव टांगणीला लागतो. तरुणांना परत आणायच्या योजना आखणाऱ्यांनी आधी यांच्याकडे जाऊन बसावं, काय अडतं ते विचारावं.

२०२३ साली रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. राज्याच्या कानाकोपऱ्यातून मुलं इथे डॉक्टर व्हायला येऊ लागली आहेत, एका रात्रीसाठी नव्हे, काही वर्षांसाठी. त्यांना परवडणारी खोली, रात्री उशिरापर्यंत चालणारी खाणावळ, मुलींना निर्धास्त फिरता येईल असा उजेडाचा रस्ता आणि रविवारी जायला एखादं ठिकाण हवं आहे. शहराने हे त्यांना आत्ताच दिलं, तर पदवी हातात आल्यावर त्यांच्यातले काही जण इथेच दवाखान्याची पाटी लावतील.