माशाच्या तेलाची कॅप्सूल: कुणाला, किती आणि कशासाठी?

नमस्कार श्रोतेहो.

माशाच्या तेलाची सोनेरी कॅप्सूल तुमच्यापैकी बरेच जण घेत असतील. कुणी हृदयासाठी, कुणी गुडघ्यांसाठी, कुणी केसांसाठी. डॉक्टर म्हणून माझं मत आधीच सांगते. काही ठरावीक लोकांना हे तेल खरंच उपयोगी पडतं. बाकीच्यांच्या पदरात फारसं काही पडत नाही.

शक्य असेल तर बाटली हातात घ्या. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. हा आकडा नुसत्या तेलाचा आहे. ज्यांच्यासाठी आपण ते तेल घेतो, ती ओमेगा-३ मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, दोन: ईपीए आणि डीएचए. त्यांचे आकडे मागे बारीक अक्षरांत असतात. साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे मिळून ३०० मिलिग्रॅम. उरलेलं सातशे मिलिग्रॅम म्हणजे इतर चरबी. म्हणून हिशेब करायचा तो या तीनशेचा.

हृदयाशी या तेलाचं नाव जोडलं गेलं ते १९७०च्या दशकात. बँग आणि डायरबर्ग या डेन्मार्कच्या संशोधकांनी ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांचं रक्त तपासलं. सील, व्हेल, मासे असं चरबीचं खाणं, तरी रक्तातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे एका प्रकारची चरबी, कमी. तिथे हृदयविकार कमी असल्याचंही मानलं गेलं. पुढे त्या नोंदींच्या भरवशाबद्दल शंका घेतली गेली, पण तोवर समज रुजला होता. १९९९ साली इटलीतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांपैकी ज्यांना रोज साधारण एक ग्रॅम ओमेगा-३ दिलं, त्यांच्यात मृत्यू कमी झाले. साहजिकच उत्साह वाढला.

पण २०१८ साली चित्र बदललं. ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ लोक होते, ‘असेंड’मध्ये मधुमेहाचे १५,४८० रुग्ण. रोज एक ग्रॅमची कॅप्सूल वर्षानुवर्षं घेऊनही हार्ट अटॅक, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांची एकत्रित बेरीज ठळकपणे कमी झाली नाही. ‘व्हायटल’मध्ये मासे क्वचित खाणाऱ्यांना थोडा फायदा झालेला दिसला, पण तेवढ्यावरून सगळ्यांना कॅप्सूल सुचवणं मला पटत नाही. आठवड्यातून दोनदा मासे खाणाऱ्याला तर ती बहुधा लागतच नाही.

आता खरा उपयोग कुठे होतो ते सांगते. रक्तातले ट्रायग्लिसराइड फार वाढले, म्हणजे डेसिलीटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर गेले, की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. ही सूज जिवावर बेतू शकते. ईपीए आणि डीएचए यकृतात तयार होणारी ही चरबी कमी करतात. रोज दोन ते चार ग्रॅम मात्रेत ट्रायग्लिसराइड वीस-तीस टक्के, कधी त्याहूनही जास्त उतरतात. मात्र चार ग्रॅम गाठायला साध्या कॅप्सूल रोज तेरा-चौदा घ्याव्या लागतील! म्हणून यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं, जास्त शुद्ध केलेलं औषध वापरतात. २०१८ मध्येच निव्वळ ईपीएच्या चार ग्रॅम मात्रेने, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) घेणाऱ्या पण ट्रायग्लिसराइड वाढलेल्या रुग्णांमध्ये हृदयविकाराच्या घटना पंचवीस टक्क्यांनी कमी झाल्या. त्यावरही वाद आहे. तुलनेसाठी दिलेलं खनिज तेलच अपायकारक होतं का, असा प्रश्न तज्ज्ञ विचारतात. दोन वर्षांनी ईपीए-डीएचएचं मिश्रण देऊन झालेल्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही.

उलट, मोठ्या मात्रेत एक त्रास वाढलेला आढळला. हृदयाचे ठोके अनियमित होतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. छातीत धडधड होत असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर ही कॅप्सूल घेत असल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा. ‘ते काय, साधं तेल!’ म्हणून लोक नेमकं हेच सांगायचं विसरतात.

गरोदरपणाची गोष्ट वेगळी. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांच्या पडद्याला डीएचए लागतं, आणि ओमेगा-३मुळे वेळेआधी प्रसूती होण्याचं प्रमाण घटतं, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. पण इथे एक गफलत फार होते, ती मला काळजीची वाटते. कॉड लिव्हर ऑइल म्हणजे माशाच्या यकृताचं तेल. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि गरोदरपणात ते जास्त झालं तर बाळाच्या वाढीत दोष येऊ शकतात. तेव्हा बाटलीवर ‘लिव्हर’ हा शब्द दिसला तर ती परत ठेवा.

मासे न खाणाऱ्यांनी निराश व्हायचं कारण नाही. माशांकडे ही मेदाम्लं मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळापासून येतात. त्या शेवाळाचं तेलही कॅप्सूलमध्ये मिळतं. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, आपलं शरीर त्यातला अगदी थोडा भाग ईपीए-डीएचएमध्ये बदलू शकतं. शेवाळाच्या तेलातही ईपीए आणि डीएचए किती, हे लेबलवर पाहूनच निवड करा.

नमस्कार.