झडप नवी, स्नायू जुना

"गायीची बसवली की डुकराची?" हृदयात टिश्यू झडप, म्हणजे प्राण्याच्या ऊतीची झडप, बसवायची म्हटली की पहिला प्रश्न हाच येतो. धर्माची अडचण असेल तर ऑपरेशनआधीच सर्जनला सांगा, संकोच कसला? पण हृदय किती सुधारेल हे प्राण्यावर फारसं ठरत नाही. झडप किती उघडते आणि हृदयाचा स्नायू आधीच किती झिजला होता, हिशेब तिथे आहे.

डुकराची झडप अख्खी काढून चौकटीवर बसवतात. तिच्या एका पाकळीच्या मुळाशी स्नायूचा जाडसर पट्टा असतो, तो वाट थोडी अडवतो. गायीची मात्र झडप घेतच नाहीत. हृदयावरचं आवरण घेऊन त्यातून तीन पाकळ्या कापून शिवतात. लहान मापात ही सहसा जास्त उघडते. दोन्ही ग्लुटाराल्डिहाइड या रसायनात मुरवलेल्या. पेशी मेलेल्या, त्यामुळे झीज भरून येत नाही. पुढे डुकराची पाकळी बहुधा फाटून गळते, गायीची कॅल्शियम साठून ताठरते. साठीनंतर बसवली तर 10 ते 15 वर्षं सहसा निघतात. तरुणपणी कॅल्शियम लवकर धरतं.

आता मापाचं बघू. महाधमनीची, म्हणजे डाव्या कप्प्यातून शरीराकडे रक्त सोडणारी, निरोगी झडप 3 ते 4 चौरस सेंटिमीटर उघडते. समजा नवी 1.3 उघडते आणि रुग्णाच्या शरीराचं क्षेत्रफळ 1.7 चौरस मीटर आहे. भागाकार आला 0.76. 0.85 च्या खाली म्हणजे झडप अंगाला अपुरी, 0.65 च्या खाली फारच अपुरी. झडपेत दोष नाही, तरी डावा कप्पा जोर लावतच राहतो आणि त्याची जाडी उतरत नाही. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर झडपेचं नाव आणि माप दोन्ही लिहून घ्या.

अरुंद झडप बदलली की जाडी पहिल्या वर्षात बरीच उतरते. स्नायूतले व्रण मात्र राहतात. महाधमनीची झडप गळत असेल तर फुगलेला कप्पा दोन आठवड्यांतच आवळू लागतो. मायट्रलच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या, गळतीत उलटं दिसतं. ऑपरेशननंतर ईएफ (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा) 60 वरून 50 वर आला की घरचे घाबरतात. अहो, आधी काही रक्त मागे, कमी दाबाच्या कप्प्यात सहज जात होतं, म्हणून तो 60 फुगवलेला होता!

घरी आल्यावर 6 ते 8 आठवडे विहिरीची कळशी नको, सिलिंडर नको, स्कूटरही नको. छातीचं हाड जुळायचं असतं. रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करा. दोन दिवसांत दीड किलो वाढलं तर ते पाणी, लगेच कळवा. खारे बांगडे आणि किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) बंद, मीठ अंगात पाणी धरतं. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलं असेल, बहुधा 3 महिने, तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, 2 ते 3 मध्ये ठेवायचा. तांबडी भाजीतलं व्हिटॅमिन के या औषधाच्या उलट काम करतं, तरी ती सोडू नका, फक्त एके दिवशी परातभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं नको.

दात काढायचा असेल तर तोंडातले जंतू झडपेवर बसू नयेत म्हणून डेंटिस्टला झडपेचं आधी सांगा: पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसेल तर अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी. आणि ताप आला तर फार्मसीतून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ती तपासणी. एक गोळी पोटात गेली तरी जंतू सापडणं अवघड होतं.