तळघरातली यादी

(कॅनडातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी मला पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमांवर बोलायला सांगितलं होतं. तयारीही केली होती. पण तीन आठवड्यांपूर्वी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून माझं लक्ष दुसऱ्या कशात लागत नाही.

ज्या चर्चच्या तळघरात आपण दरवर्षी गणपती बसवतो, तिथल्या एका आजींचा फोन आला. आठ वर्षांच्या मुलीला होईल असं थंडीचं जॅकेट आणि स्नोपँट आहे का? लेकीचं गेल्या वर्षीचं आखूड झालेलं होतंच. आम्ही दोघी ते घेऊन गेलो. ज्या लांब टेबलावर आपण मोदकांच्या पराती मांडतो, त्याच टेबलावर एक मोठा कागद पसरलेला होता. मार्करनं लिहिलेली यादी. सोमवारी हेल्थ कार्डासाठी न्यायचं. मंगळवारी मुलांची नावं शाळेत घालायची. हलाल मटण कुठे मिळतं ते दाखवायचं. बसनं एकदा सोबत जायचं, दुसऱ्यांदा तिला एकटीला जाऊ द्यायचं आणि स्टॉपवर थांबायचं. प्रत्येक ओळीपुढे एकेक नाव. लेकीनं बोट ठेवून सगळी नावं वाचली आणि मला मराठीत विचारलं, “आई, हा आपला गणपतीचा हॉल ना? मग या यादीत आपलं कुणी का नाही?”

आजींना मराठी येत नाही याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. तसं बरं वाटल्याची नंतर फार लाज वाटली.

हे लोक कोण, ते मी मग नीट विचारून घेतलं. तीन चर्चमधली मिळून अकरा माणसं. काही कॅथलिक, काही अँग्लिकन, काही मेनोनाइट, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्याच आणखी एका पंथाचे. त्यांत फादर नाही की पास्टर नाही. सगळी घरसंसाराची, प्रापंचिक माणसं. एक निवृत्त शिक्षिका, एक प्लंबर, बँकेत काम करणारा एक मुलगा. सुदानमध्ये वर्षानुवर्षं अडकून पडलेल्या एका इरिट्रियन बाईला आणि तिच्या दोन मुलांना त्यांनी इथे आणलं. अर्ज त्यांचा, घरभाडं त्यांचं, बारा महिन्यांची जबाबदारी त्यांची.

सामान्य लोकांनी निर्वासितांना असं स्पॉन्सर करायची ही पद्धत कॅनडात १९७९ पासून आहे. व्हिएतनाममधून माणसं होड्यांत बसून समुद्रात लोटली जात होती, कंबोडिया आणि लाओसमधून सीमा ओलांडून पळत होती, तेव्हा सरकारशी असा पहिला करार केला तो मेनोनाइटांच्या सेंट्रल कमिटीनं. मग बाकीची चर्चं आली. १९७९ आणि ८० या दोन वर्षांत ६० हजार माणसं आली, त्यातली निम्म्याहून जास्त अशी सामान्य लोकांनी आणलेली. १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं निर्वासितांसाठी केलेल्या कामाचं नान्सेन पदक दिलं ते कॅनडाच्या जनतेला. आजवर ३ लाखांहून जास्त निर्वासित या वाटेनं आले आहेत. मेनोनाइट सगळ्यात पुढे का होते? १९२० च्या दशकात त्यांचेच २० हजारांच्या आसपास लोक रशियातून जीव घेऊन इथे आले होते. घरातल्या म्हाताऱ्यांकडून ते ऐकतच ही माणसं मोठी झाली.

त्या रात्री आमच्या घरी वाद झाला. नवरा म्हणाला, यामागे चर्चचा काही हेतू असणारच. मी म्हटलं, कुटुंब मुसलमान आहे आणि यादीत हलाल मटणाची ओळ आहे, ती मी डोळ्यांनी पाहिली. मग तो म्हणाला, “आपण आलो तेव्हा आपल्याला कोण आलं होतं?”

कोण आलं होतं? जानेवारीत टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरलो तेव्हा याच मंडळातले काका जास्तीचे दोन कोट घेऊन उभे होते. अकरा दिवस त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो. काकूंनी मुगाची खिचडी घातली, नोकरीसाठी लागणारा सिन नंबर काढायला नेलं, बँकेत नेलं, बर्फावर पाय कसा टाकायचा ते दाखवलं. तीच यादी, मंडळी. काकूंच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती, एवढाच फरक. मी हे बोलले तेव्हा नवरा बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “पण ते आपलेच होते ना.”

इथेच घोडं अडतं. आपण नवीन आलेल्या मराठी माणसासाठी धावतो, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ज्या इमारतीत आपण इतकी वर्षं आरत्या म्हटल्या, तिच्यात बाकीचे दिवस काय चालतं हे आपण कधी विचारलं नाही. भाडं वेळेवर दिलं, खुर्च्या घडी करून ठेवल्या, मोदकांचा डबा दिला. एकांकिकेसाठी बर्फात दोन-दोन महिने तालमी करणारी आपण माणसं आहोत. आपल्याकडे वेळ नाही असं मला कुणी सांगू नये.

माझं माहेर कोल्हापूर. बस्ता बांधायला आम्ही गांधीनगरला जायचो. त्या जागी, वळिवड्याला, १९४३ ते १९४८ पाचेक हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं. तिथून इराणमार्गे ती आपल्याकडे आली. त्यांच्या आठवणीचा स्तंभ महावीर उद्यानात आहे. ती गेल्यावर तिथे फाळणीत घरदार गेलेले सिंधी आले आणि गांधीनगर झालं. माझी आजी शेवटपर्यंत “आमच्या पोलंडच्या बायका” म्हणायची. आमच्या.

गेल्या शनिवारी मी त्या इरिट्रियन बाईकडे गेले. बिचारी रडकुंडीला आली होती. इंजेराचं, म्हणजे त्यांच्याकडच्या आंबवलेल्या पोळीचं, पीठ चार दिवस आंबतच नव्हतं. त्या अकरा भल्या माणसांनी तिला सगळं दिलं होतं, पण इथल्या थंडीत पीठ कसं आंबवायचं ते त्यांच्यातल्या कुणाला माहीत असणार? मी पातेलं उचललं, ओव्हनचा दिवा लावून आत ठेवलं. सोमवारी तिनं बोलावून खायला घातलं. आंबूस, जाळीदार, आंबोळीच म्हणा. “जाळी काय सुरेख पडलीय,” असं मी चक्क मराठीत बोलून गेले. तिनं हसून आणखी एक वाढला.

आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या इथल्या लोकांच्या तोंडीही तेरावा महिना असतो, कारण बारा महिने झाले की स्पॉन्सरची मदत थांबते. नोकरी लागली असेल नसेल. विमानाच्या तिकिटाचं कर्जही फेडायचं असतं. त्या महिन्यात पैशाइतकीच ओळखीच्या माणसांची गरज लागते.

स्पॉन्सर व्हायला पाच जणांनी एकत्र येऊन अर्ज करायची सोय होती. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर सरकारनं तसे नवे अर्ज घेणं थांबवलं. आता सरकारशी करार असलेल्या संस्थांमार्फतच जावं लागतं आणि त्यातल्या बऱ्याचशा चर्चच्या आहेत. म्हणजे आपल्याला त्यांच्या सोबतच उभं राहावं लागेल. पण त्या अकरांपैकी सात जण सत्तरीपुढचे आहेत. आजी परवा जिना उतरताना दोनदा थांबल्या. रविवारी वरचे बाक निम्मे रिकामे असतात. अजून दहा वर्षांनी हा कागद कोण पसरेल, याची मला खरंच काळजी वाटते.

नवरा येत्या शनिवारी फ्रिज हलवायला जाणार आहे. तो अजून “बघू” म्हणतोय, पण व्हॅन त्यानं मागून ठेवली आहे. गुरुवारी दाताच्या डॉक्टरकडे मी नेणार आहे. त्याच्या खालच्या दोन ओळी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि तिला इंग्रजी बोलायला सोबत, अजून कोऱ्या आहेत. कागद तळघरातच टेबलावर आहे, मार्कर शेजारी ठेवलेला आहे. लेक आज मागच्या रांगेत बसली आहे. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.